वस्तू आपली, हमी कोणाची? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

घरातली चित्रे, पोथ्या, दागिने संग्रहालयाला प्रदर्शनापुरते देताना नुकसानीची जबाबदारी कोणाची, या विषयावर प्रश्न मागवले होते. या वेळी खानदेशातल्या वाचकांची पत्रे घेतली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून नावांऐवजी फक्त गाव दिले आहे.

प्रश्न (चाळीसगाव): एका सरकारी संग्रहालयाने आमच्याकडचे एक जुने तैलचित्र चार महिन्यांच्या प्रदर्शनासाठी मागितले आहे. विम्याचे विचारले तर तिथले अधिकारी म्हणाले, "सरकारची हमी आहे, विमा लागत नाही." ही हमी म्हणजे नेमके काय? तिच्यावर विसंबून चित्र द्यावे का?

उत्तर: हमी रीतसर कागदावर असेल तर ती चांगल्या विम्याच्या तोडीची असते. तोंडी असेल तर तिचा उपयोग शून्य.

आधी कल्पना समजून घ्या. मोठ्या प्रदर्शनात विम्याचा हप्ता हा खर्चाचा फार मोठा भाग असतो. तो वाचावा म्हणून काही देशांत सरकारच मालकाला लिहून देते, की वस्तू हरवली किंवा बिघडली तर ठरलेली रक्कम आम्ही तिजोरीतून देऊ. यालाच इंडेम्निटी, म्हणजे क्षतिपूर्तीची हमी, म्हणतात. अमेरिकेत 1975 च्या कायद्याने ही सोय झाली. ब्रिटनमध्ये ती 1980 च्या नॅशनल हेरिटेज ॲक्टमध्ये आहे आणि तिचे काम आर्ट्स कौन्सिल इंग्लंड पाहते. खासगी मालकाचे चित्रही तिच्यात बसते. मात्र ही हमी डोळे मिटून मिळत नाही. दालनाची कुलपे, पहारा, आगीची यंत्रणा, हवेतला दमटपणा, वाहतुकीची गाडी हे सगळे तपासले जाते आणि त्यात कमतरता निघाली तर हमी मिळत नाही. योजना टिकून आहे ती या तपासणीच्या जोरावर. दावे थोडे येतात.

आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. म्हणजे सरकार हमी देऊच शकत नाही असे नव्हे, पण ती द्यायची तर प्रत्येक वेळी स्वतंत्र निर्णय लागतो. राज्याच्या एकत्रित निधीवर हमी देण्याचा अधिकार घटनेच्या 293 व्या कलमात आहे आणि तो राज्य शासनाचा आहे, एखाद्या कार्यालयाचा नाही. शिवाय 299 व्या कलमाप्रमाणे शासनाचा करार राज्यपालांच्या नावाने आणि अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या सहीनेच व्हावा लागतो. तेव्हा संग्रहालयाच्या अभिरक्षकांचे (क्युरेटरचे) आभारपत्र, बैठकीत जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेला शब्द किंवा निमंत्रणपत्रिकेवर छापलेली राजमुद्रा, यांपैकी कशालाच हमी म्हणता येत नाही.

तुम्हाला भेटलेले अधिकारी खोटे बोलले असे आम्ही म्हणणार नाही. सरकार स्वतःच्या मालमत्तेचा सहसा विमा उतरवत नाही; नुकसान झालेच तर ते सरकारच सोसते. वर्षानुवर्षे त्या रीतीत काम केलेल्या माणसाला "इथे विमा लागत नाही" हे खरेच वाटत असते. पण ती रीत सरकारच्या वस्तूंसाठी आहे. तुमचे चित्र चार महिने तिथे टांगले म्हणून ते सरकारचे होत नाही.

कागद अजिबात न करता चित्र दिले तर काय होते तेही पाहा. मग 1872 चा भारतीय करार कायदा लागू होतो. कलम 151 म्हणते, वस्तू ताब्यात घेणाऱ्याने सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावी. कलम 152 म्हणते, तेवढी काळजी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल तर नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर नाही. कुलूप होते, पहारेकरी होता, तरी चोरी झाली. वायरिंग तपासलेले होते, तरी रात्री शॉर्ट सर्किट झाले. अशा वेळी संग्रहालय हात वर करू शकते आणि कायदा त्याच्या बाजूने असतो. सुटकेची वाटही त्याच कलमात आहे, ती म्हणजे "वेगळा करार". तो करारच तुम्हाला करून घ्यायचा आहे.

करारात नुसते "सर्व नुकसान भरून देऊ" असे लिहून भागत नाही. कलम 124 मधली क्षतिपूर्तीच्या कराराची व्याख्या माणसाच्या वर्तनामुळे झालेल्या नुकसानीपुरती आहे, मग ते वर्तन वचन देणाऱ्याचे असो की दुसऱ्या कोणाचे. न्यायालये तिच्यापलीकडे जातात, पण आपण वादाला जागा कशाला ठेवायची? आग, धूर, पाणी, छत गळणे, भूकंप, चोरी, तोडफोड, वाळवी, हाताळताना झालेली इजा अशी नावे घेऊन लिहा. काळजी घेतली असो वा नसो, भरपाई द्यावी लागेल हे वाक्य वेगळे टाका. जबाबदारी कुठून कुठपर्यंत हे लिहा: तुमच्या भिंतीवरच्या खिळ्यावरून चित्र काढल्यापासून ते परत त्याच खिळ्यावर लावेपर्यंत. विमावाले याला "खिळा ते खिळा" म्हणतात. काही ठिकाणी मसुद्यात "संग्रहालयाच्या ताब्यात असताना" एवढेच असते. त्यात प्रवास येत नाही, आणि चित्राला धोका सगळ्यात जास्त असतो तो प्रवासातच.

चित्राची मान्य किंमत आकड्यात आणि अक्षरात लिहा. वगळलेल्या गोष्टी वाचा. ब्रिटनच्या हमीतसुद्धा मालकाचा निष्काळजीपणा, वस्तूतला मुळातला दोष, मालकाच्या संमतीने केलेली दुरुस्ती, मालकीवर तिसऱ्याने सांगितलेला हक्क आणि युद्ध या गोष्टी वगळलेल्या आहेत. तेव्हा सरकारी म्हणजे सगळे आले, असे तिकडेही नाही.

आमचा सल्ला असा. गाडी येण्याच्या आठ दिवस आधीपर्यंत शासनाचा सही झालेला कागद हातात आला तर उत्तम. नाही आला तर संग्रहालयाला व्यापारी विमा उतरवायला सांगा. हप्ता त्यांनी भरायचा, पॉलिसीत भरपाई घेणारा म्हणून नाव तुमचे. पॉलिसीची प्रत हाती येईपर्यंत चित्र भिंतीवरून काढू देऊ नका. "कागद मागाहून पाठवतो" याला नम्रपणे नाही म्हणायचे.

प्रश्न (धुळे): किंमत आम्हीच सांगा म्हणतात. जास्त सांगितली तर लोभी वाटतो, कमी सांगितली तर नुकसान. कशी ठरवायची?

उत्तर: ज्या किमतीला तशीच वस्तू आज बाजारातून परत आणता येईल ती किंमत. त्याच चित्रकाराच्या, त्याच माध्यमातल्या, साधारण त्याच आकाराच्या कामांचे गेल्या तीन-चार वर्षांतले लिलावाचे भाव काढा. लिलावगृहे निकाल संकेतस्थळावर ठेवतात. हातोडा पडला ती रक्कम वेगळी आणि खरेदीदाराने दलालीसह भरलेली वेगळी. तुलना करताना दोन्ही मिसळू नका. चित्रकार बाजारात फारसा नसेल तर नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा लेखी अहवाल घ्या आणि त्याची फी संग्रहालयाकडे मागा. आजोबांच्या आठवणीची किंमत त्यात धरता येत नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

कमी सांगण्याचा तोटा लोकांना कळत नाही, म्हणून आकड्यात मांडतो. चित्र 10 लाखांचे आहे, तुम्ही संकोचाने 4 लाख लिहिले, आणि 2 लाखांची इजा झाली. साध्या पॉलिसीत सरासरीचे कलम असते. विमा चार दशांशच उतरवला म्हणून भरपाईही चार दशांश, म्हणजे 80 हजार. हे टाळायचे तर पॉलिसी "मान्य मूल्या"ची हवी. तिच्यात सुरुवातीला दोघांनी मानलेली किंमत नंतर उकरून काढता येत नाही.

आणि हप्त्याची भीती बाळगू नका. उदाहरणादाखल दर 0.3 टक्के धरला तर 20 लाखांच्या चित्रांवर 6,000 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 1,080, एकूण 7,080. प्रदर्शनाच्या फलकांवर आणि हारतुऱ्यांवर यापेक्षा जास्त खर्च होतो.

प्रश्न (फैजपूर): 1936 च्या काँग्रेस अधिवेशनाच्या वेळचे एक रेखाचित्र घरात आहे. ते नंदलाल बोस यांचे असल्याचे वडील सांगत. परदेशातल्या एका संग्रहालयाने ते सहा महिन्यांसाठी मागितले आहे आणि त्यांच्या सरकारची इंडेम्निटी मिळेल असे कळवले आहे. पुढे काय करावे?

उत्तर: फैजपूरच्या अधिवेशनाची नगररचना आणि सजावट नंदलाल बोस यांनीच केली होती, त्यामुळे वडिलांचे म्हणणे अशक्य कोटीतले नाही. पण "सांगत असत" यावर कोणतेही सरकार हमी देणार नाही. आधी पुरावा गोळा करा: सही, तारीख, कागदाची जात, मागच्या बाजूचे लिखाण, घरातली तेव्हाची पत्रे, अधिवेशनात कुटुंबातले कोणी काम करत असल्याची नोंद. मग जाणकाराचे लेखी मत. हे मत निघेपर्यंत किंमत सांगूच नका.

चित्र त्यांचेच ठरले तर दुसरा मुद्दा येतो. पुरावस्तू व कलानिधी कायदा, 1972 खाली केंद्र सरकारने ज्या नऊ चित्रकारांची कामे कलानिधी म्हणून जाहीर केली आहेत त्यांत नंदलाल बोस आहेत. (राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, रवींद्रनाथ ठाकूर हेही त्यात आहेत. छापील रविवर्मा मात्र नाही. घरोघरीच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या ओलिओग्राफबद्दल आलेल्या पाच-सहा पत्रांना हेच उत्तर.) असे काम देशात विकता येते, देता येते, देशाबाहेर खासगी माणसाला नेता येत नाही. निर्यात फक्त केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्था करू शकते. प्रदर्शनासाठी तात्पुरते न्यायचे तरी केंद्राच्या परवानगीनेच. कुरिअरने किंवा नातेवाइकाच्या बॅगेतून पाठवणे हा गुन्हा आहे आणि त्याला किमान सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कैद आहे. त्यामुळे परदेशी संग्रहालयाला स्पष्ट कळवा की व्यवहार भारत सरकारच्या मार्फतच होईल.

त्यांच्या इंडेम्निटीबद्दल तीन गोष्टी लेखी मागा. प्रमाणपत्रावर तुमचे नाव आणि या चित्राचे वर्णन आहे का. हमी फैजपूरच्या घरातून सुरू होते की तिकडच्या विमानतळावरून. आणि रक्कम कोणत्या चलनात, कोणत्या तारखेच्या दराने. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विमानतळ असे आले तर आधीच्या टप्प्यासाठी वेगळा विमा लागेल. ब्रिटन असेल तर आणखी एक विचारा: 2007 च्या कायद्याने परदेशातून आलेल्या वस्तूंना न्यायालयीन जप्तीपासून जे संरक्षण मिळते ते या प्रदर्शनाला लागू आहे का. क्षतिपूर्ती आणि जप्तीपासून संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मिळाली म्हणजे दुसरी मिळाली असे नाही.

रेखाचित्र कोळशाचे किंवा पेस्टलचे असेल तर ते आडवे, चित्र वर करून न्यायचे. उभे नेले तर धक्क्यांनी भुकटी गळते.

प्रश्न (अमळनेर): आमच्याकडे सुमारे दोनशे वर्षांची सचित्र पोथी आहे, सुटी पाने. धुळ्याला प्रदर्शनात ठेवायचा विचार आहे. नोंदणी केली तर सरकार घेऊन जाईल अशी घरात भीती आहे.

उत्तर: वर आलेल्या 1972 च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू म्हणण्यासाठी एरवी 100 वर्षे लागतात, हस्तलिखिताला 75 पुरतात. त्यात चित्रे असली की नोंदणी बंधनकारक. चित्रे नसलेली पोथी नोंदणीच्या यादीत येत नाही, पण देशाबाहेर नेण्याची बंदी तिलाही आहेच. नोंदणीसाठी ठरलेल्या नमुन्यातला अर्ज आणि फोटोंच्या प्रती नोंदणी अधिकाऱ्याकडे द्यायच्या. नोंदणीने मालकी बदलत नाही. सरकारला भरपाई देऊन सक्तीने वस्तू घेण्याचा अधिकार त्या कायद्यात आहे हे खरे, पण तो नोंदणी केल्यामुळे जन्माला येत नाही, नोंदणी न केल्यामुळे टळतही नाही. नोंदणी न करणे हा मात्र स्वतंत्र गुन्हा आहे.

लोक हमखास विसरतात ते याच कायद्याचे कलम 17. अशा वस्तूची मालकीच नव्हे तर ताबा दुसऱ्याकडे गेला तरी नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते. तेव्हा धुळ्याला पोथी देताना एक पत्र तिकडेही जाऊ द्या आणि पोच फाईलला लावा. पुढे दावा करायची वेळ आली तर हाच कागद पहिल्यांदा मागतात.

सुट्या पानांमुळे आणखी एक पेच आहे. पाने मोजा, प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजूंचा फोटो घ्या, चित्र असलेल्या पानांची वेगळी यादी करा. एक पान हरवले तर भरपाई कशाची, एका पानाची की अख्ख्या पोथीची? पॉलिसीत "जोडी आणि संच" असे कलम असते. एक भाग गेला तर संचाची घटलेली किंमत धरायची, असे त्यात स्पष्ट लिहून घ्या. नाही तर 140 पानांच्या पोथीतले एकमेव दरबारी चित्र गेल्यावर पोथीच्या किमतीचा 140 वा भाग हातावर ठेवतील. प्रदर्शनात उजेड 50 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचे एकक) वर नको आणि महिन्याला एकदा पान बदलायचे, ही अटही घाला. उन्हाच्या खिडकीजवळची काचेची पेटी दाखवली तर तिथेच नको म्हणा.

प्रश्न (रावेर): दोन जलरंग आणि लाकडी फळीवरचे एक चित्र मे महिन्यात मुंबईला जायचे आहे. संग्रहालय म्हणते गाडी तुम्ही बघा, पैसे देतो. ओळखीची केळीची गाडी मुंबईला जाते. चालेल का?

उत्तर: नाही. केळीला लागतो तो ओलावा चित्राचा शत्रू. आणि त्या गाडीची घाई केळी पिकण्याच्या आत बाजार गाठण्याची, तुमच्या फ्रेमची नव्हे.

पण खरी अडचण गाडीपेक्षा मे महिन्याची आहे. आपल्याकडे तेव्हा पारा 45 च्या आसपास आणि हवा कोरडीठाक. आर्द्रता दुपारी 20 टक्क्यांच्याही खाली जाते. कसारा घाट उतरून मुंबईत पोचलात की 70 च्या वर. लाकडी फळी तिच्या रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, तिच्यावरचा रंग फुगत नाही. मग रंगाचा पापुद्रा सुटतो, आणि तो सुटतो आठ-दहा तासांच्या एका प्रवासात. जगभरातली मोठी संग्रहालये आज 40 ते 60 टक्के आर्द्रता आणि चोवीस तासांत 10 टक्क्यांपेक्षा जास्त चढउतार नको असा दंडक पाळतात. रावेर ते मुंबई हा तो दंडक मोडण्याचा सगळ्यात सोपा रस्ता आहे. शक्य असेल तर वस्तू फेब्रुवारीतच नेऊन ठेवा म्हणावे. प्रदर्शन मेमध्ये असले तरी वाहतूक मेमध्येच व्हायला हवी असे नाही.

मेमध्येच न्यायचे ठरले तर पेटी घट्ट हवी. प्लायवूडची पेटी, झाकणाला रबरी पट्टी, स्क्रू. खिळे नकोत, कारण ठोकताना आणि उपटताना हादरे बसतात. आत पॉलिथिन फोमचे कोपरे, फ्रेमच्या चारही बाजूंना निदान दोन इंच. चित्राच्या पृष्ठभागाला आधी ग्लासीन (गुळगुळीत पातळ कागद) किंवा आम्लविरहित पातळ कागद. बबल रॅप थेट रंगावर गुंडाळू नका; उन्हात तो चिकटतो आणि फुग्यांचे गोल ठसे वार्निशवर कायमचे उमटतात. कागदावर बबल रॅप गुंडाळला तर चालतो, फुगे बाहेरच्या बाजूला. जलरंगांच्या फ्रेमला काच असेल तर काचेवर कागदी चिकटपट्टीची जाळी मारा, म्हणजे फुटली तरी तुकडे चित्रात घुसणार नाहीत. ॲक्रिलिक असेल तर पट्टी मारू नका, ओरखडे पडतात. पेटीत जी आर्द्रता राखायची तिला आधीच तयार केलेली सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) ठेवणे चांगले. डब्यातून काढलेली कोरडी ठक्क जेल ठेवली तर ती उलट फळीतले उरलेले पाणी ओढून घेते.

गाडी बंद, शक्यतो एअर सस्पेन्शनची (हवेच्या गाद्यांवर धक्के झेलणारी). पेटी उभी, गाडीच्या दिशेला समांतर, पट्ट्यांनी बांधलेली. चालक दोन, आणि चहाला थांबले तरी एक जण गाडीतच. ही अट परदेशातल्या इंडेम्निटी योजनांतही असते आणि विमा कंपन्याही घालतात; धाब्यावर उभ्या गाडीतून झालेल्या चोरीचा दावा नामंजूर होण्याचे ही अट मोडणे हे ठरलेले कारण आहे. मुंबईत पोचल्यावर पेटी चोवीस तास बंदच ठेवून दालनात ठेवायची आणि मग उघडायची.

शेवटचा मुद्दा पैशाचा नसून जबाबदारीचा आहे. "गाडी तुम्ही बघा" याला हो म्हटलेत तर वाहतूकदार तुमचा ठरतो आणि त्याची चूक तुमची ठरू शकते. गाडी संग्रहालयानेच ठरवावी.

प्रश्न (जळगाव): तैलचित्र परत आले तेव्हा एका कोपऱ्याजवळ जाळीसारखे तडे दिसले. संग्रहालय म्हणते ते आधीपासून होते. आम्ही घेताना पावतीवर सही केली आहे. आता काही होऊ शकते का?

उत्तर: पावतीवर काय लिहिले होते ते बघा. "सुस्थितीत मिळाले" असे छापलेले असेल आणि खाली सही असेल तर वाट अवघड आहे, बंद नाही. इतर वाचकांसाठी सांगतो: पेटी न उघडता सही करायची वेळ आली तर "पेटी मिळाली, उघडून पाहिली नाही" असे हाताने लिहा.

आता तडे जवळून पाहा. दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि बाजूने तिरका धरलेला टॉर्च एवढे पुरे. जुन्या तड्यात धूळ, काजळी किंवा वार्निश भरलेले असते आणि त्याच्या कडा बोथट असतात. ताज्या तड्याच्या कडा धारदार, आतून खालचा पांढरा थर स्वच्छ दिसतो. आकारही बोलतो. चौकटीच्या पट्टीला समांतर सरळ तडा बहुतेक वेळा वर्षानुवर्षांचा असतो. एका बिंदूभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे असतील तर कॅनव्हासला मागून किंवा पुढून काहीतरी लागले आहे. कॅनव्हासच्या मागच्या बाजूला त्याच जागी खळगा किंवा डाग सापडतो का पाहा. तुमच्या वर्णनावरून हा दुसरा प्रकार वाटतो. सगळ्याचे फोटो शेजारी पट्टी ठेवून काढा.

सुटलेले कण गोळा करून पातळ कागदाच्या पाकिटात ठेवा, चित्र तोंड वर करून आडवे ठेवा आणि काहीही चिकटवू नका. फेव्हिकॉल लावलेले चित्र घेऊन येणारे लोक आहेत. त्यांचा दावा तिथेच संपतो, कारण मूळ इजा कोणती आणि घरच्या दुरुस्तीची कोणती हे वेगळे करता येत नाही. पॅकिंगही टाकू नका. पेटीला बाहेरून ठोका बसला असेल तर तो पुरावा आहे.

त्याच दिवशी संग्रहालयाला आणि विमा असेल तर कंपनीला लेखी कळवा. संग्रहालयाकडे वस्तू पोचल्यावर केलेला स्थितीअहवाल, म्हणजे वस्तू कशा अवस्थेत आहे याची लेखी नोंद, मागा. त्या अहवालात कोपऱ्यातल्या तड्यांचा उल्लेख नसेल तर "आधीपासून होते" हे म्हणणे तिथेच गळून पडते. विमा कंपनीचा सर्वेयर (नुकसान तपासणारा) येईल तेव्हा दोन रकमा वेगळ्या मागा: दुरुस्तीचा खर्च, आणि दुरुस्तीनंतरही किमतीत राहणारी घट. 6 लाखांच्या चित्राची दुरुस्ती 40 हजारांत झाली, पण किंमत पाव हिस्सा उतरली, तर घट दीड लाखाची आहे. पॉलिसीत किंवा हमीपत्रात "मूल्यातील घट" हे शब्द नसतील तर 40 हजारांवरच बोळवण होते.

हमी शासनाची असेल आणि दाद मिळत नसेल तर दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ती वकिलाकडूनच काढा.

प्रश्न (शहादा): चांदीच्या दागिन्यांचा संच प्रदर्शनातून चोरीला गेला, भरपाई मिळाली, आणि काही वर्षांनी दागिने सापडले तर ते कोणाचे?

उत्तर: पूर्ण भरपाई दिली की हक्क सहसा पैसे देणाऱ्याकडे जातो. 1994 मध्ये लंडनच्या टेट संग्रहालयाची, इंग्रज चित्रकार टर्नर यांची दोन चित्रे फ्रँकफर्टच्या प्रदर्शनातून चोरीला गेली. विमा कंपन्यांनी 2 कोटी 40 लाख पौंड दिले. चित्रे सापडलेली नसतानाच 1998 मध्ये टेटने 80 लाख पौंड देऊन त्यांच्यावरचा हक्क परत विकत घेतला, आणि 2000 व 2002 मध्ये एकेक करून चित्रे मिळाली. तेव्हा करारात एक ओळ टाका: वस्तू सापडल्यास मिळालेली रक्कम, इजा झाली असेल तर ती वजा करून, परत देऊन वस्तू घेण्याचा पहिला हक्क मालकाचा राहील. वारसाहक्काच्या दागिन्यांना ही ओळ हवीच. विम्याच्या रकमेवर भांडवली नफ्याचा कर लागू शकतो, तो हिशेब सीएकडून करून घ्या.

प्रश्न (भुसावळ): महाविद्यालयाच्या दोन दिवसांच्या प्रदर्शनासाठी जुनी छायाचित्रे मागितली आहेत. एवढ्यासाठीही करार?

उत्तर: हो, पण एका पानाचा. यादी, किंमत, घेतल्याची आणि परतीची तारीख, प्राचार्यांची सही-शिक्का. मूळ प्रिंट देण्याऐवजी स्कॅन करून मोठ्या प्रती लावायला सांगा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होते.

प्रश्न (पारोळा): आजोबांनी साठच्या दशकात एका संस्थेला ताम्रपट अभ्यासासाठी दिले होते. आता संस्था म्हणते ती देणगी होती. दावा लावण्याची मुदत संपली का?

उत्तर: मुदत ताम्रपट दिल्यापासून मोजत नाहीत. ठेवायला दिलेल्या जंगम वस्तूसाठी मुदत कायद्याच्या अनुच्छेद 70 प्रमाणे तीन वर्षे मोजायची ती मागणी केल्यावर नकार मिळाला त्या दिवसापासून. संस्थेने लेखी नकार दिला असेल तर घड्याळ चालू झाले आहे. तोंडीच दिला असेल तर तो कधी दिला यावरही वाद होऊ शकतो, म्हणून वकिलाला आजच भेटा.

निकाल ठरेल तो संस्थेच्या आवक नोंदवहीवर. त्या काळच्या वह्यांत प्राप्तीच्या रकान्यात "भेट", "विकत", "उसनवार" किंवा "अभ्यासार्थ" असे हाताने लिहिलेले असते. ते पान पाहायला आणि त्याची प्रत लेखी मागा. संस्था सरकारी किंवा मोठे सरकारी अनुदान घेणारी असेल तर माहिती अधिकाराचा अर्जही चालतो. घरात संस्थेचे पोचपत्र सापडले तर त्यातला "साभार परत करू" किंवा "साभार स्वीकार" यांतला फरक निर्णायक ठरतो. मोबदला न घेता दिलेली वस्तू मालक केव्हाही परत मागू शकतो, असे करार कायद्याचे कलम 159 सांगते. मात्र परतीची मुदत ठरलेली असताना मध्येच मागितल्यामुळे घेणाऱ्याचे फायद्यापेक्षा जास्त नुकसान होत असेल तर ते भरून द्यावे लागते. तुमच्या बाबतीत मुदत ठरलेलीच दिसत नाही.

ताम्रपट परत मिळाले आणि संस्थेतच राहावेत असे वाटत असेल, तर त्याच दिवशी नवा उसनवार करार करा. जास्तीत जास्त पाच वर्षांचा, नूतनीकरण लेखी, आणि वर्षातून एकदा वस्तू समक्ष दाखवण्याची अट घालून.